हलक्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये सुधारणा हव्या असतील तर काय मागावं आणि कसं मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई हा हलका लिनक्स डेस्कटॉप टाकला, मशीन पुन्हा पळायला लागलं, पण रोज वापरताना काही ना काही कमी जाणवतं. अशा चौदा सोयींची यादी तुम्ही केली आहे. ती विकासकांना कुठे पाठवावी, त्यातलं काय मान्य होईल, आणि तुमच्या जागी मी असतो तर काय मागितलं असतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक सांगतो. यादी आहे तशी पाठवू नका. काही वर्षांपूर्वी अशाच एका हलक्या डेस्कटॉपच्या विकासकांना मी नऊ मागण्यांचं एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, चित्रंसुद्धा जोडली. दुसऱ्याच दिवशी ते बंद झालं आणि खाली एक ओळ आली: प्रत्येक मागणी वेगळी नोंदवा, आणि ती कोणत्या घटकाची आहे ते पाहा. तेव्हा वाईट वाटलं. पण घटक शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की समोरच्याला दुसरं काही करता येण्यासारखंच नव्हतं.

पडद्यावर आपल्याला एकसंध डेस्कटॉप दिसतो, आत मात्र सुटे सुटे प्रोग्रॅम असतात. एक्सएफसीईत विंडोंच्या चौकटी एक्सएफडब्ल्यूएम४ सांभाळतो, पॅनेल (मेनू, घड्याळ वगैरेंची पट्टी) वेगळं, फाइली थुनार दाखवतो, पार्श्वभूमीचं चित्र आणि त्यावरचे आयकॉन एक्सएफडेस्कटॉपकडे, आणि सेटिंग जपून ठेवण्याचं काम एक्सएफकॉन्फचं. प्रत्येकाचा कोड वेगळा, मागण्यांची नोंद वेगळी आणि बघणारी माणसंही बरीचशी वेगळी. त्यातले बहुतेक जण नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे करतात. थुनार बघणाऱ्यापुढे पॅनेलची तक्रार ठेवली तर त्याचा वेळ जातो आणि तक्रार तिथेच पडून राहते. एक्सएफसीईच्या नोंदी २०२० पासून त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर (कोड आणि मागण्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर) असतात, त्याआधी बगझिला ही जुनी नोंदवही होती. एलएक्सक्यूटी या दुसऱ्या हलक्या डेस्कटॉपचं काम गिटहब या तशाच संकेतस्थळावर चालतं. दोन्हीकडे घटकानुसार वेगळी पानं आहेत, त्यामुळे योग्य जागा सापडायला अडचण येत नाही.

आता काय मागावं. मी प्रत्येक मागणीला एक प्रश्न लावतो: ही सोय मी वापरत नसताना मशीनचं काय खाते?

डेस्कटॉप हलका आहे म्हणजे त्याचे मेनू साधे दिसतात, एवढंच नव्हे. तुम्ही काहीच करत नसताना मागे किती प्रोग्रॅम जागे आहेत, ते प्रोसेसरला किती वेळा उठवतात, डिस्क किती वाचतात आणि मेमरी किती अडवून ठेवतात, यावर हलकेपणा ठरतो. हे ध्यानात ठेवून तुमची यादी पुन्हा वाचली की तिचे आपोआप दोन गट पडतात: मशीनवर सतत भार टाकणाऱ्या मागण्या आणि न टाकणाऱ्या.

‘मेनूतूनच सगळ्या फाइलींमधला मजकूर शोधता यावा’ ही मागणी दिसायला निरुपद्रवी आहे. पण तो शोध क्षणात व्हायला हवा असेल तर मागे कुणीतरी सतत फाइली वाचून सूची तयार ठेवावी लागते, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो वाचणारा प्रोग्रॅम लगेच जाणवतो. शोध फक्त मागितला तेव्हाच चालत असेल तर गोष्ट वेगळी. थुनारमध्ये ४.१८ आवृत्तीपासून आतल्या फोल्डरांसकट नावाने शोधता येतं. मागे सूची ठेवणारं काही नाही, मागितल्यावर तो शोधतो आणि थांबतो. पारदर्शक पॅनेलमागे धूसर काच दिसावी, या मागणीचंही तसंच आहे. धूसरपणा एकदा काढून ठेवता येत नाही. मागे व्हिडिओ चालू असेल तर प्रत्येक फ्रेमला तो नव्याने काढावा लागतो आणि तुमचा दहा-बारा वर्षं जुना ग्राफिक्स भाग त्यातच गुंततो. ज्यांना तो हवाच आहे ते एक्सएफडब्ल्यूएम४ चं कंपोझिटिंग (सावल्या आणि पारदर्शकता दाखवण्याचं काम) बंद करून त्यासाठी पिकॉम हा वेगळा प्रोग्रॅम लावतात. ती वाट उघडी असताना सगळ्यांच्या मशीनवर हा भार टाकायला कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये असं माझं मत आहे.

हवामानाच्या आणि तसल्या पॅनेलवरच्या छोट्या सोयींबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. एक्सएफसीईच्या पॅनेलवरचे बरेचसे प्लगइन स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालतात. त्यामुळे एखादा कोसळला तरी पॅनेल जागेवर राहतं आणि ‘हा प्लगइन अचानक बाहेर पडला, पुन्हा सुरू करायचा का’ असं विचारणारी खिडकी येते. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक प्लगइनमागे एक वेगळी प्रोसेस. एलएक्सक्यूटीचं पॅनेल प्लगइन आपल्या पोटातच घेतं. त्यात बचत होते, पण बिघडलेला प्लगइन अख्ख्या पॅनेलला घेऊन बुडू शकतो. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत. त्यामुळे ‘अमुक डेस्कटॉपमध्ये आहे, मग इथे का नाही’ अशा सुराची मागणी सहसा पुढे सरकत नाही. समोरच्याने त्या फरकाचा विचार आपल्या आधीच केलेला असतो.

दुसऱ्या गटातल्या मागण्या मला मनापासून पटल्या. त्यातली पहिली, पॅनेलवरून चुकून काढलेली वस्तू परत आणता यावी. एक्सएफसीई आज काढण्याआधी विचारतं आणि ती वस्तू कायमची जाईल असंही सांगतं. पॅनेल कुलूपबंद करण्याचा पर्यायही आहे. पण घाईत ‘हो’ दाबलं की त्या प्लगइनची महिनाभर लावत आणलेली मांडणी गेली. पॅनेलची रचना एका छोट्या फाइलमध्ये आणि प्लगइनांच्या काही सुट्या फाइलींमध्ये असते. बदलाआधी त्यांची जुनी प्रत बाजूला ठेवली आणि ‘मागे घ्या’ असं एक बटण दिलं, तर वापर नसताना या सोयीचा खर्च जवळजवळ शून्य. पॅनेल प्रोफाइल्स नावाचा जोडप्रोग्रॅम आजही अख्खी मांडणी साठवून परत आणतो, म्हणजे रस्ता अर्धा झालेलाच आहे. मागणीत हे लिहा. ज्याला कोड लिहायचाय त्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

दुसरी मागणी, विंडोची कड. हिच्यावर जरा थांबतो, कारण रोज पन्नासदा हात जातो ती हीच जागा. विंडो लहान-मोठी करायला तुम्ही बाण कडेकडे नेता. एका क्षणी तो दुतोंडी होतो, तुम्ही दाबायला जाता, आणि दाबताना बोट केसभर सरकतं. बाण पुन्हा साधा, आणि क्लिक जाऊन पडतो मागच्या विंडोवर. ती वर येते, तुमची खाली जाते. एक्सएफडब्ल्यूएम४ मध्ये कडेची जाडी थीममधल्या चित्रांवरून ठरते. थीम करणाऱ्याने देखणेपणासाठी एका पिक्सेलची कड काढली की पकडही तेवढीच उरते. १४ इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.१६ मिलिमीटरचा असतो. टचपॅडवर, त्यातही ज्याचा हात थोडा थरथरतो अशा माणसाने तो कसा पकडावा?

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ऑल्ट दाबून उजव्या बटणाने विंडोत कुठेही ओढा, किंवा ऑल्ट आणि एफ८ दाबा. दोन्ही उत्तम चालतं, मी स्वतः पहिलंच वापरतो, तुम्हीही आजच सवय लावा. पण नव्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मागणी अशी हवी: कड दिसायला कितीही बारीक असू दे, पकडता येणारी जागा मात्र तिच्या बाहेर काही पिक्सेल पसरलेली असावी. जीटीके (विंडो, बटणं बनवण्याचा साधनसंच) वापरून स्वतःची शीर्षकपट्टी स्वतःच रेखाटणाऱ्या विंडोंना सावलीच्या भागात अशी पकड मिळते, म्हणजे कल्पना नवी नाही.

दोन वेगळ्या घनतेच्या मॉनिटरांवर अक्षरं सारख्या आकाराची दिसावीत, ही तुमची मागणी योग्य आहे पण ती नव्याने नोंदवून फार काही साधणार नाही. एक्स११ मध्ये, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत, हे जमवायचं तर अख्खं चित्र ताणावं लागतं. त्यात अक्षरं पुसट होतात आणि कामही वाढतं. खरं उत्तर वेलँड या तिच्या नव्या पर्यायात आहे, कारण तिथे प्रत्येक मॉनिटरला आपलं प्रमाण देता येतं. डिसेंबर २०२४ च्या एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँडचा प्रायोगिक आधार आला, पण एक्सएफडब्ल्यूएम४ अजून तिकडे गेलेला नव्हता, म्हणून विंडो सांभाळायला सोबत लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर हा वेगळा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. एलएक्सक्यूटीनेही त्याच सुमारास, २.१ आवृत्तीत, वेलँडचं सत्र दिलं. इथे मागणीपेक्षा चाचणी करणारी माणसं जास्त हवी आहेत. तुमच्याकडे दुसरा मॉनिटर आहेच, तर एक शनिवार-रविवार ते सत्र चालवून काय मोडतं ते नीट लिहून कळवा.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट मी माझ्याकडून घालतो. अरुंद पॅनेलवर देवनागरी मजकुराच्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ज्या लिपीत वर-खाली काही नाही तिच्यात वाढलेल्या विकासकाला हे स्वतःहून कधीच दिसणार नाही. पडद्याचं चित्र, पॅनेलची उंची आणि फाँटचं नाव, एवढं आपल्यासारख्यांनी दिलं तरच ते त्याच्यापर्यंत पोचेल. भाषांतराचंही तसंच आहे: एक्सएफसीईचं ट्रान्सिफेक्सवर, एलएक्सक्यूटीचं वेबलेटवर, या भाषांतराच्या संकेतस्थळांवर चालतं, आणि तिथे कोड येण्याची गरज नाही.

लिहायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, ती सोय आधीच कुठे दडलेली नाही ना. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ आणि सेटिंग्ज एडिटर या दोन ठिकाणी लोकांना माहीत नसलेलं पुष्कळ सापडतं. थुनारमध्ये ‘कस्टम अ‍ॅक्शन’ म्हणून जे आहे त्यात उजव्या क्लिकच्या मेनूला स्वतःची ओळ जोडता येते. फोटो लहान करणं, फाइलींची नावं ठरावीक पद्धतीने बदलणं, असल्या तुमच्या तीन मागण्या तिथेच अर्ध्या तासात मिटतील. दोन, जुन्या नोंदींत शोधा. तीच मागणी आधी कुणी केली असेल तर तिथे अंगठा द्या. ‘मलाही हवंय’ असं लिहू नका, त्याने फक्त सगळ्यांना मेल जातात. तुमच्याकडे नवीन माहिती असेल तरच लिहा.

आणि लिहिताना उपाय नंतर, अडचण आधी. ‘कड आठ पिक्सेलची करा’ असं लिहिलं की चर्चा आठ की सहा यावर जाते आणि थीमवाले रागावतात. त्याऐवजी असं लिहा: अमुक आवृत्ती, अमुक थीम, पडदा इतक्या इंचाचा, टचपॅडवर दहादा प्रयत्न केला आणि कड चारदाच हाती लागली, तेच माऊसने आठदा. माझी दुसरी नोंद अशी होती. पहिल्या नऊ मागण्यांच्या पत्रापेक्षा लहान, पण तिच्याखाली तिघांनी आपापले आकडे दिले आणि बोलणं कामाचं झालं. नवीन वापरकर्ता खातं उघडून, मूळच्या थीमवर तीच अडचण येते का हेही तपासा. आपल्या वर्षानुवर्षांच्या सेटिंगमुळे होणारे घोटाळे तिथेच गळून पडतात.

धीर लागतो, हे मात्र खरं. थुनारला टॅब मिळाले २०१२ मध्ये, १.६ आवृत्तीत. एकाच विंडोत दोन फोल्डर शेजारी-शेजारी दाखवण्याची सोय आली डिसेंबर २०२२ च्या ४.१८ बरोबर, आणि केलेलं काम मागे घेण्याची सोयही त्याच वेळी. एक्सएफसीई ४.१२ फेब्रुवारी २०१५ मध्ये आली, पुढची ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. त्यानंतर साधारण दोन वर्षांची लय बसली आहे. म्हणजे आज मागणी मान्य झाली तरी ती तुमच्या वितरणात (तुम्ही बसवलेल्या लिनक्सच्या संचात) पोचेपर्यंत बराच काळ जाईल. मला यात गैर काही वाटत नाही. दर सहा महिन्यांनी मेनूची जागा बदलत नाही, हेही आपण हा डेस्कटॉप निवडण्याचं एक कारण होतं.

तुमच्या चौदांपैकी मी आज पॅनेलवरचं ‘मागे घ्या’ निवडलं असतं. मागणी लहान आहे, घटक एकच आहे, आणि आपलं पॅनेल एकदा तरी मोडून बसलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. ती नोंदवलीत की दुवा इथे द्या. माझ्या जुन्या मशीनवर एक मोकळं खातं मी चाचण्यांसाठीच ठेवलंय. कुणी बदल लिहिलाच तर तिथे दोन आठवडे चालवून जे दिसेल ते त्या नोंदीखाली लिहीन.