संच बंद होण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सौरऊर्जा आली की चंद्रपूरच्या कोळशावरच्या औष्णिक वीजकेंद्रात आमचं, कंत्राटी कामगारांचं, काय, असं तू विचारलंस. 'नव्या क्षेत्रात भरपूर नोकऱ्या निघतील' एवढं सांगून मी तुझी बोळवण करणार नाही.

औष्णिक केंद्र एका रात्रीत बंद पडत नाही. इथला पहिला २१० मेगावॅटचा वीजनिर्मिती संच १९८३ साली सुरू झाला. तो आणि त्याच्या जोडीचा दुसरा केव्हाच बंद झाले, तरी आजही क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पण संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते आणि ठेकेदाराच्या माणसाचा फक्त गेटपास वाढवून मिळत नाही. त्याला कामावरून काढलं, असं कागदावर कुठेच येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

सौर प्रकल्पाला उभारणीच्या वेळी माणसं भरपूर लागतात. एकदा सुरू झाला की पॅनेल धुणारे, गवत काढणारे, पहारेकरी आणि मोजके तंत्रज्ञ. शिवाय तो असतो धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत नाहीतर राजस्थानात भडल्याला. इथल्या घुग्घुसच्या चहावाल्याला आणि पंक्चरवाल्याला त्याचा काय उपयोग?

तू आयटीआयचा वीजतंत्री आहेस. कोळसा हाताळणी विभागात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचे (कन्व्हेयरचे) रोलर बदलण्यात वर्षं घालवू नकोस, स्विचयार्डातलं, म्हणजे तयार वीज बाहेरच्या तारांवर सोडतात तिथलं, काम मागून घे. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले, अर्थिंग कोळशाच्या विजेलाही लागतं आणि उन्हाच्या विजेलाही. पॅनेलमधून निघते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, मात्र नव्याने शीक. डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या केबलमध्ये विजेचा दाब असतोच, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढणाऱ्याचे हात भाजतात. हे ज्याला नीट येतं, त्याला काम मिळतं.

तुम्ही कंत्राटी पोरं कायम कामगारांच्या संघटनेसोबत एकत्र बसा. संच कधी बंद होणार ते आधी कळलं पाहिजे आणि संच बंद होण्यापूर्वीच पगारी प्रशिक्षण मिळालं पाहिजे, ही मागणी लेखी द्या. संच थंडावल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.

आणि या महिन्यात पीएफचं पासबुक उघडून बघ. ठेकेदार बदलला त्या महिन्यांची रक्कम जमा नसेल, तर वेतनचिठ्ठ्या घेऊन घरी ये. पीएफ कार्यालयात मी सोबत येतो.

तुझे काका