द्वारसभेबद्दल ज्ञापन आले आहे, माफीनामा देऊ का?

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयात लिपिक आणि कर्मचारी संघटनेची कोषाध्यक्ष आहे. रिक्त पदे आणि थकलेला महागाई भत्ता या मागण्यांसाठी आम्ही जेवणाच्या सुट्टीत काळ्या फिती लावून द्वारसभा, म्हणजे कार्यालयाच्या फाटकाशी सभा, घेतली. पुढे दोन दिवसांच्या संपातही मी होते. आता ज्ञापन (कार्यालयाची लेखी नोटीस) मिळाले आहे : 'अमान्य संघटनेचे पद घेतले, निदर्शने केली, विनापरवानगी गैरहजर राहिलात, सात दिवसांत खुलासा करा.' साहेब तोंडी म्हणतात, माफीनामा आणि पदाचा राजीनामा द्या, नाहीतर बदली ठरलेली. काय करू?

उत्तर : सांगितला आहे तसा माफीनामा देऊ नका. ज्ञापनात तीन निरनिराळे आरोप एका वाक्यात बांधले आहेत. त्यातल्या दोन आरोपांवर तुमची बाजू भक्कम आहे, एकावर कमकुवत. सरसकट माफी मागितली तर भक्कम बाजूही तुम्ही स्वतःच सोडून द्याल आणि ती सही कायमची सेवा अभिलेखात राहील. खुलाशात तिन्ही मुद्दे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा.

पहिला मुद्दा संघटनेच्या पदाचा. घटनेच्या कलम १९(१)(ग) मधला संघटनेचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ (ए.आय.आर. १९६३ सु.को. ८१२) हा निकाल अगदी तुमच्यासारख्याच प्रसंगातला आहे. जोसेफ मुंबईत केंद्राच्या लेखा विभागात कर्मचारी आणि त्यांच्या संघटनेचे सचिव होते. सरकारने संघटनेची मान्यता काढली, तरी त्यांनी संघटना सोडली नाही, म्हणून कारवाई सुरू झाली. अमान्य संघटनेत राहू नये असे सांगणारा नियमच सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. मान्यता नसल्याने प्रशासन संघटनेला चर्चेला बोलावणार नाही, सवलती देणार नाही, एवढेच. सभासदत्व किंवा पद त्यामुळे गैरवर्तन ठरत नाही. राजीनाम्याची मागणी म्हणूनच गैर आहे, आणि ती लेखी आलेली नाही यातच बरेच काही आले.

दुसरा मुद्दा द्वारसभेचा. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (ए.आय.आर. १९६२ सु.को. ११६६) या निकालाने सरकारी नोकरांच्या निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली. शांततेची, शिस्तबद्ध निदर्शने हा अभिव्यक्तीचाच प्रकार आहे. इथे एक गोष्ट मात्र नीट आठवून पाहा : सभा फाटकाबाहेर झाली की आवारात? मालकाच्या जागेत सभा घेण्याचा मूलभूत हक्क नाही, असे रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग (१९६९) मध्ये ठरले आहे. बाहेर झाली असेल तर ठिकाण, सुट्टीची वेळ आणि तुम्ही जागेवर परतल्याची वेळ स्पष्ट लिहा. आवारात झाली असेल तर ते लपवू नका. कोणाचे काम थांबले नाही, रस्ता अडला नाही, हे मांडा.

तिसरा मुद्दा संपाचा, आणि इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. संपाचा मूलभूत हक्क नाही, हे कामेश्वर प्रसाद निकालातही म्हटले आहे. टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार (२००३) मध्ये तर न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीर वा नैतिकही हक्क नाही, असे म्हटले. मला तो निकाल फार कठोर वाटतो. ज्यांच्या मागण्यांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, त्यांच्या हातात मग उरते काय? पण तो आज कायदा आहे आणि खुलासा त्याला धरूनच लिहायला हवा. दोन दिवसांचा पगार कापला जाईल, तो वाचवण्यात शक्ती घालवू नका. खरी भीती सेवाखंडाची, म्हणजे सलग सेवा तुटल्याचे धरले जाण्याची आहे, कारण त्याचा फटका निवृत्तिवेतनाला बसू शकतो. म्हणून लिहा : 'सदर दोन दिवसांची अनुपस्थिती देय व अनुज्ञेय रजा म्हणून नियमित करावी व ती सेवाखंड समजू नये, ही विनंती.' खंत व्यक्त करायचीच असेल तर फक्त याच परिच्छेदात करा.

मुदत संपण्याआधी हजेरीपत्रकाची आणि ज्ञापनाला आधार असलेल्या अहवालाची प्रत लेखी मागा, त्यासाठी मुदतवाढही मागा. खुलासा साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. केवळ नोटिशीत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) सहसा हात घालत नाही, त्यामुळे आत्ताच तिथे धावण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र नागरी सेवांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली ठपका किंवा वेतनवाढ रोखण्याची शिक्षा झाली, तर ४५ दिवसांत विभागीय अपील करा. ते फेटाळले गेले तर एक वर्षाच्या आत मॅट.

बदलीच्या धमकीने घाबरू नका. महाराष्ट्राच्या बदल्यांबाबतच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे कार्यकाळ पूर्ण होण्याआधी किंवा एप्रिल-मे सोडून मध्येच बदली करायची, तर लेखी कारणे आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. धमकी कोणत्या दिवशी, कोणासमोर दिली ते आजच लिहून ठेवा. आदेश आलाच तर कार्यमुक्त होण्याआधी वकिलाकडे जा. एकदा नव्या ठिकाणी रुजू झालात की स्थगिती मिळवणे अवघड होते.