वाचकांचे प्रश्न : मॅनेजर गेला, पहिला सामना जिंकला, आता काय?

प्रश्न : ताई, मी ज्या इंग्लिश क्लबच्या मागे गेली 12 वर्षं आहे, तो यंदा तळाच्या तिघांत अडकलाय (हेच तीन संघ हंगामाअखेर खालच्या लीगमध्ये जातात). सलग 5 पराभव झाले, मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढलं आणि नव्या माणसाने पहिलाच सामना जिंकून दिला. धाकटा भाऊ नाचतोय. मला आनंद होतोय की धास्ती वाटतेय, तेच कळत नाही. मॅनेजर बदलल्याने संघ खरंच सुधारतो का? (क्लबचं नाव छापू नका, ऑफिसात चिडवतात.)

उत्तर : नाव गाळलंय, निश्चिंत असा. भावालाही आठवडाभर नाचू द्या. नव्याचे नऊ दिवस फुटबॉलमध्येही असतात.

आधी हे पाहा, की मॅनेजरला काढतात कधी. पाच पराभवांतले दोन वरच्या संघांकडून झालेले असतात, एका सामन्यात चेंडू खांबाला लागून बाहेर आलेला असतो, भरवशाचा बचावपटू मांडीचा स्नायू धरून घरी बसलेला असतो. सगळं वाईट एकाच वेळी जुळून आलं की कुऱ्हाड पडते. पण ते तसं जुळलेलं फार दिवस राहत नाही. बचावपटू परततो, पुढचा प्रतिस्पर्धी जरा बेताचा निघतो, चेंडू खांबाला लागून आत जातो. तोवर बाकावर नवा माणूस येऊन बसलेला असतो आणि श्रेय त्याच्या खात्यावर पडतं. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या अव्वल लीगचा 1986 ते 2004 हा काळ तपासला. प्रशिक्षक बदललेले संघ नंतर सावरले, हे त्यात दिसलंच. पण तितकेच घसरलेले आणि तरीही जुन्याच प्रशिक्षकाला धरून बसलेले संघही जवळपास तसेच सावरले होते.

मला हे अभ्यास वाचायच्या आधी कळलं होतं, आणि जरा लाजिरवाण्या पद्धतीने कळलं. मी महिलांच्या एका संघाची सहप्रशिक्षक होते. ऐन हंगामात आमच्या मुख्य प्रशिक्षकांना काढलं आणि मला सांगितलं, 'दुसरं कुणी मिळेपर्यंत सांभाळा.' त्या पदाला म्हणतात हंगामी प्रशिक्षक. हंगाम सोडा, मला 24 दिवस मिळाले. पहिला सामना आम्ही 1-0 जिंकलो. गोल कॉर्नरवर झाला. दोन उंच मुली मागच्या खांबाकडे पळाल्या, त्यांच्यामागे प्रतिस्पर्ध्यांचा बचाव गेला आणि आमची सगळ्यात बुटकी मुलगी पुढच्या खांबापाशी मोकळी राहिली. लोक येऊन माझं अभिनंदन करत होते. ती चाल काढलेल्या प्रशिक्षकांची होती. सहा आठवडे दर गुरुवारी त्यांनी ती घोटून घेतली होती, मुली कंटाळून तोंडं वाकडी करेपर्यंत. माझं काम शंकू मांडायचं आणि उचलायचं. तरी त्या रात्री मला खरोखर वाटायला लागलं, की आपल्याला हे जमतं! पुढचा सामना बरोबरीत सुटला, त्याच्या पुढचा आम्ही 0-4 हरलो.

म्हणजे नव्या माणसाने काहीच होत नाही, असं नाही हं. बाकावर कुजत पडलेल्या खेळाडूंची पाटी कोरी होते, ते सरावात जीव तोडून पळतात. शहाणा मॅनेजर अशा वेळी मोठं तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. जानेवारी 2023 मध्ये इंग्लिश लीगमधला एव्हर्टन 19व्या क्रमांकावर असताना मॅनेजर म्हणून शॉन डाइश आले. पहिलाच सामना तेव्हा अव्वल असलेल्या आर्सेनलशी. तो 1-0 जिंकला, कॉर्नरवर टार्कोव्हस्कीने हेडर मारून. (कॉर्नर! मी हसले होते.) त्यानंतर सगळं सुरळीत झालं म्हणाल तर तसंही नाही. तगून राहायला शेवटचा दिवस उजाडावा लागला, बोर्नमथविरुद्ध दुकुरेचा एकच गोल.

आता भावाला दोन उदाहरणं ऐकवा. फेब्रुवारी 2017 मध्ये लेस्टरने क्लाउदिओ रानिएरींना काढलं. नऊ महिन्यांपूर्वी याच माणसाने त्यांना लीग जिंकून दिली होती. सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे सूत्रं आली आणि लेस्टरने लीगमधले लागोपाठ 5 सामने जिंकले, संघ 12वा आला. जूनमध्ये शेक्सपियरना तीन वर्षांचा करार मिळाला, ऑक्टोबरमध्ये नारळ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बूर यांना लीगच्या केवळ 4 सामन्यांनंतर काढलं. चारही हरलेले, गोल शून्य. जागी आले रॉय हॉजसन, आणि तेही लीगमधले पहिले तीन हरले, पुन्हा शून्य गोल. 7 सामने, एकही गोल नाही! आठव्यात गतविजेत्या चेल्सीला 2-1 हरवलं आणि हंगाम 11व्या क्रमांकावर संपवला. पहिल्या तीन निकालांवरून निवाडा करायचा असता, तर हॉजसनना ऑक्टोबरातच घरी पाठवावं लागलं असतं.

म्हणून तुम्ही गुणतक्ता जरा बाजूला ठेवा. पुढचे आठ-दहा सामने होऊ द्या, त्यांत समोर कोण होतं ते लिहून ठेवा. आपल्या गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला किती सहज संधी मिळतात, तेवढं बघा. ते कमी झालं असेल, तर काहीतरी खरं बदललंय.

प्रश्न : हरतात खेळाडू आणि नोकरी जाते मॅनेजरची. हा अन्याय नाही का?

उत्तर : आहे. पण 25 जणांना काढता येत नाही. त्यांचे करार वर्षानुवर्षांचे, विकायचे तर ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची ठरावीक मुदत) उघडी हवी, आणि पडत्या संघाच्या खेळाडूला भाव कोण देणार? एका माणसाला भरपाई देऊन निरोप देणं मालकाला त्या मानाने सोपं. शिवाय 20 पैकी 3 संघ खाली जातात आणि त्यांच्याबरोबर टीव्हीच्या पैशाचा मोठा वाटा जातो. त्या भीतीपोटी बुडत्याला काडीचा आधार. ज्यांनी तो खेळाडूंचा ताफा विकत घेतला, ते वरचे अधिकारी मात्र बहुतेकदा आपापल्या खुर्चीत तसेच बसलेले दिसतात. मला राग येतो तो त्याचा.

प्रश्न : काढायचंच असेल तर योग्य वेळ कोणती? मँचेस्टर युनायटेडने मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनना वेळ दिला म्हणून पुढचं सगळं घडलं, असं सगळेच सांगतात.

उत्तर : फर्ग्युसनचं नाव निघालं की संयमावर प्रवचन ठरलेलं. पण ते स्वतः आले कसे? 6 नोव्हेंबर 1986 ला, हंगाम चालू असताना, रॉन अ‍ॅटकिन्सन यांना काढून! युनायटेड तेव्हा 22 संघांत 21वं होतं. पहिला सामना ऑक्सफर्डकडून 0-2 हरले, हंगाम 11व्या क्रमांकावर संपवला, पहिला करंडक 1990 मध्ये. तेव्हा त्यांना वेळ मिळाला हे खरं, पण त्याआधी कुणाचा तरी वेळ संपवला गेला होता.

वेळेपेक्षा मी दुसरंच विचारते : जुन्याला काढताना नवा ठरलेला होता का? 2022-23 चं लीड्स बघा. जानेवारीच्या अखेरीस जेसी मार्श यांच्या हाताखाली खेळायला अमेरिकेचा वेस्टन मॅकेनी उसनवारीने आणला आणि आठवडाभरात, 6 फेब्रुवारीला, मार्शच गेले. विंडो बंद झालेली. वारस ठरलेला नाही, म्हणून संघ काही दिवस क्लबमधल्याच माणसांनी सांभाळला. मग हावी ग्रासिया आले, मे महिन्यात तेही गेले. शेवटच्या 4 सामन्यांसाठी सॅम अ‍ॅलरडाइसना बोलावलं. 4 सामन्यांत 1 गुण, आणि लीड्स खाली. एकाच्या पसंतीची बाजारहाट, दुसऱ्याच्या हाती स्वयंपाक आणि वाढायला तिसरा.

वॉटफर्डने तर 2020 मध्ये 2 सामने उरले असताना नायजेल पिअरसन यांना काढलं. तळाच्या तिघांपेक्षा संघ तेव्हा 3 गुणांनी वर होता. दोन्ही सामने हरले, खाली गेले. ह्यावर मी काय बोलू?

तुमच्या मनातली वेळ कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या मते नोव्हेंबर बरा. जानेवारीतली खरेदी नव्या माणसाला स्वतः करता येते. मार्चनंतर येणाऱ्याला दुसऱ्याच्या सामानावरच भागवावं लागतं.

प्रश्न : मागे एकदा तुम्ही काढून टाकलेल्या तुमच्या वरिष्ठांचा उल्लेख केला होता. त्यांच्याशी नंतर बोलणं झालं का?

उत्तर : झालं. वर लिहिलेला सामना जिंकलो, त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी शब्द जुळवत होते, काय बोलावं सुचेना. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं, 'पुढच्या खांबाला कोण पळालं?' मी त्या बुटक्या मुलीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, 'उशिरा निघाली ना? ती नेहमी अर्धं पाऊल उशिरा निघते. गुरुवारी तेवढं बघ.' गुरुवारी मी तेवढं बघितलं.