वास, वारा, पाणी जाणवणारा थ्रीडी सिनेमा थीम पार्कमध्ये करायचा तर पैसा कशावर घालावा?

पैठण रस्त्याला तुम्ही थीम पार्क उभारताय आणि वारा, पाणी, वास अंगाला जाणवेल अशा सिनेमासाठी जास्त पैसा कॅमेऱ्यावर घालावा की खुर्च्यांवर, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, दोन्हींच्या आधी हवेवर घाला. वास आत आणायला फार लागत नाही, तो बाहेर काढायलाच खरा खर्च येतो.

संभाजीनगरजवळच्या एका पार्कसाठी आम्ही बारा मिनिटांचा असा सिनेमा केला. झटके, फवारे, वास यांची वेळ जुळवायचं काम माझ्याकडे होतं. विषय होता देवगिरीचा किल्ला, त्यातही अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, भर उन्हातून आत शिरलं की काहीच दिसत नाही, अंगाला गारवा लागतो आणि वटवाघळांचा उग्र वास येतो. शत्रूला काळोखात गाठायला केलेली ही वाट. अशा गोष्टीसाठी या माध्यमासारखं दुसरं माध्यम नाही.

पहिल्या चाचणीत आम्ही अंधारीत मशालीच्या धुराचा वास सोडला. गोष्ट किल्ल्याच्या माथ्यावर पोचली, पडद्यावर पाऊस सुरू झाला, तरी सभागृहात जळकटच वास. आमचा सगळा पाऊस त्या धुरानं खाल्ला. मॉर्टन हायलिग या अमेरिकन माणसानं १९६२ साली सेन्सोरामा नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही थ्रीडी चित्र, वारा, वास आणि हलणारी खुर्ची होती. पण ते यंत्र एका वेळी एकाच माणसासाठी होतं. शंभर जणांच्या खोलीत वास भिंतींना, गाद्यांना धरून बसतो. शेवटी आम्ही धूर काढूनच टाकला, प्रत्येक खुर्चीच्या पाठीतून अगदी थोडा वास सोडला आणि पायांशी हवा ओढून घेणारे पंखे बसवले.

मग पाऊस जमला. भाजलेल्या मातीपासून कनौजला अत्तर काढतात, ते वापरलं. आधी मातीचा वास, मग वारा, मग हातावर थेंब, हाच क्रम ठेवला. आपल्याकडे मृगाचा पाऊस असाच येतो. एका खेळाला फुलंब्रीकडच्या एक आजी होत्या. थेंब पडायच्या आधीच त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि शेजारच्या नातवाला विचारलं, “बाहेर आभाळ आलं का रे बाबा?” मला आजही ते आठवलं की भरून येतं.

हे सगळं वेळेवर चालतं. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात आणि प्रत्येक परिणामाचा हुकूम ठरलेल्या चौकटीला बांधलेला असतो. दाबाच्या हवेचा झोत लगेच येतो, पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो, वास सगळ्यांत उशिरा नाकापर्यंत पोचतो. म्हणून वासाचा हुकूम सगळ्यांत आधी द्यायचा. दगड आदळल्यावर खुर्ची अर्ध्या सेकंदानं हलली तर पोरांना लगेच कळतं आणि ती हसतात.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. थ्रीडीसाठी दोन डोळ्यांची दोन चित्रं दोन भिंगांनी घेतात, त्या भिंगांमधलं अंतर माणसाच्या डोळ्यांइतकं, साधारण साडेसहा सेंटिमीटर धरून सुरुवात करा. वस्तू फार जवळ असेल तर कमी करा. ध्रुवीकरणाचे, म्हणजे प्रत्येक डोळ्याला त्याचंच चित्र पोचवणारे चष्मे देणार असाल तर पडदा चंदेरीच हवा. साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण टिकत नाही, दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात आणि डोकं दुखतं. प्रत्यक्ष किल्ल्यात चित्रीकरण करायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागेल, त्याला वेळ धरून ठेवा.

आता तुमच्या भागाची अडचण. बोअरचं पाणी जड असेल तर फवाऱ्याची बारीक तोंडं क्षारांनी बुजतात, मग काही खुर्च्यांवर धार पडते आणि काही कोरड्याच राहतात. फवाऱ्याला शुद्ध केलेलंच पाणी द्या आणि टाकीतलं पाणी रोज बदला, कारण ते थेट लोकांच्या श्वासात जातं. खुर्च्या किती आणि छताची उंची किती ते कळवा, म्हणजे पंखे कुठे बसवायचे ते सांगता येईल.