मोठ्या फोटो प्रिंटरवर आडव्या रेघा येत आहेत. हेड बदलावे का?

आपण लिहिले आहे की ४४ इंची प्रिंटरवर आकाशाच्या भागात आडव्या रेघा उमटतात, चेहरे तांबूस येतात, तीन वेळा पॉवर क्लीनिंग (भरपूर शाई ढकलून केलेली जोरदार सफाई) करूनही फरक पडलेला नाही आणि तंत्रज्ञ हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) बदलायला सांगत आहे. माझे मत स्पष्ट आहे. नोझल चेकचा कागद (हेडच्या बारीक छिद्रांतून शाई नीट येते का हे दाखवणारा चाचणी प्रिंट) भिंगाखाली पाहिल्याशिवाय हेड बदलू नये आणि चौथे क्लीनिंगही करू नये, कारण त्यात महागडी शाई मेंटेनन्स टँकमध्ये, म्हणजे टाकाऊ शाईच्या टाकीत, वाहून जाते.

कोल्हापुरातील आमच्या स्टुडिओत नेमके हेच घडले होते. एका प्रदर्शनासाठी रंकाळ्यावरचे पहाटेचे धुके ४० बाय ६० इंचांत छापायचे होते, आणि धुक्याच्या फिकट राखाडी भागात समान अंतराने केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. नोझल चेकमध्ये सर्व रंगांच्या पायऱ्या अखंड होत्या. तो कागद मी दादांपुढे धरला, तरीही त्यांनी तंत्रज्ञाचे ऐकून नवे हेड बसवले. त्या हेडच्या पहिल्याच प्रिंटवर त्याच रेघा, तितक्याच अंतरावर होत्या. रात्री सेटिंग तपासताना कारण सापडले: रोल ३१० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३१० ग्रॅम) मॅट कॉटन कागदाचा होता आणि निवड मात्र आधीच्या ग्लॉसी कागदाचीच राहिली होती. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला कागद किंचित जास्त सरकत होता, शिवाय मॅट काळ्याऐवजी फोटो काळी शाई पडत असल्याने झाडे राखेसारखी दिसत होती. योग्य कागद निवडून पेपर फीड अ‍ॅडजस्टमेंटची (कागद किती सरकावा ते जुळवण्याची) चाचणी काढली, दोनदा आकडा बदलला आणि रेघा गेल्या. नव्या हेडमुळे काम झाले असे दादा आजही सांगतात. ते खरे नाही. दोन्ही प्रिंट मी तारीख घालून जपून ठेवले आहेत.

आपणही आधी कागदाची निवड तपासावी, कारण शाईचे प्रमाण त्यावरच ठरते आणि चेहऱ्यांचा तांबूसपणा कदाचित तिथूनच येत असेल. रेघ सर्व रंगांत आणि समान अंतराने असेल तर दोष बहुधा कागद सरकण्यात असतो: पांढरी रेघ म्हणजे कागद जास्त सरकतो, गडद रेघ म्हणजे कमी. रेघ एकाच रंगात असेल तर त्या रंगाचे नोझल पाहावे.

अर्थात हेड कधीच खराब होत नाही असे नाही. नोझल चेकमधील खंड प्रत्येक वेळी जागा बदलत असेल तर शाईच्या मार्गात हवा शिरली असावी. तो त्याच जागी राहत असेल तर साधे क्लीनिंग करून मशीन काही तास तसेच ठेवावे आणि पुन्हा पाहावे. एवढे करूनही खंड हटला नाही, तरच तंत्रज्ञाचे म्हणणे मानावे. मशीन भिंतीवरच्या बटणाने बंद करत असाल तर ते आजच थांबवा, कारण हेड झाकणावर परतण्याआधी वीज गेली तर शाई उघड्यावर वाळते आणि मग हेड खरोखरच जाते.