विचारा, सांगते : वांग्यात अळी निघाली म्हणजे सेंद्रिय का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे रोज वाद. मी दुकानातून सेंद्रिय तूरडाळ आणते, शिक्का असलेली, साध्या डाळीच्या जवळजवळ दीडपट भावाची. सासूबाई म्हणतात, शिक्के काय, पैसे टाकले की मिळतात. त्या शनिवारी सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या भाजीवाल्याकडूनच घेतात, कारण त्याच्या वांग्यात अळी निघते. 'अळीला चालतं ते आपल्याला चालतं,' असा त्यांचा हिशोब. आणि आमचे हे म्हणतात, दोघीही फसताय, सेंद्रियात जास्त पोषण असतं हे कुणी सिद्ध केलंय? खरं कोणाचं?
*— एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं. पण आधी त्या अळीचा निकाल लावू, कारण हा समज फार घट्ट बसलाय. वांग्यातली अळी शेंडे आणि फळं पोखरणारी असते. एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तर शेतकरी हैराण होऊन पुन्हा पुन्हा फवारतात. वांगं हे भरपूर फवारलं जाणारं पीक आहे आणि तरीही अळी निघते. तेव्हा अळी दिसली म्हणजे फवारा बसला नाही, असं मुळीच नाही. उलट नीट राखलेल्या सेंद्रिय शेतातलं वांगं चकचकीतही असू शकतं. तिथेही निंबोळी अर्क, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क फवारतातच. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, हा आणखी एक गैरसमज.

आता शिक्का. मी बरीच वर्षं प्रमाणन संस्थेसाठी शेतं तपासत फिरले आहे, त्यामुळे तो शिक्का कशाचा असतो ते सांगते. माल प्रयोगशाळेत घालून 'शुद्ध' म्हणून पास केला, असा त्याचा अर्थ नसतो. नमुने तपासतात, पण मुख्य तपासणी होते ती शेताची आणि वहीची. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रासायनिक खत-औषध बंद ठेवल्यावरच माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. त्या मधल्या काळात उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साधाच मिळतो. तुम्ही देता त्या जादा पैशात त्या वर्षांचीही भरपाई असते, शिवाय तणनाशकाऐवजी खुरपणीला लागणाऱ्या बायकांची मजुरीही.

तपासायला गेलं की आम्ही पिकाकडे नंतर बघायचो. आधी गोठ्यामागचा फवारणीचा पंप. तो शेजाऱ्याशी सामाईक असेल तर प्रश्न सुरू. मग धान्य कशात भरलंय : युरियाच्या रिकाम्या गोणीत तूर भरलेली असली की तोंडावरचे सगळे दावे बाजूला. कोठीत धुरीच्या गोळ्या, कृषी सेवा केंद्राची बिलं, शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून बांधाला लागून किती पट्टा सोडलाय, हे सगळं. आणि सगळ्यात मोठी चोरी कुठे सापडते? साध्या बेरजेत. कोरडवाहू तुरीला एकरी चार-पाच क्विंटल उतरले तर गंगेत घोडं न्हालं. दोन एकरवाल्याच्या नावावर तीस क्विंटल विकलेली दिसली, की उरलेली तूर मार्केट यार्डातून आली हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. म्हणूनच नियमात शेतकऱ्याच्या प्रमाणपत्रावर पीक आणि क्षेत्र लिहिलेलं असतं आणि माल एकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला की दर व्यवहाराचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

सासूबाईंचा संशय मात्र मी उडवून लावणार नाही. गट प्रमाणीकरणात २५ ते ५०० शेतकऱ्यांचा एक गट असतो. गटाचीच माणसं सगळी शेतं बघतात आणि बाहेरचा निरीक्षक त्यातली काही निवडून बघतो. पळवाट असली तर तिथेच. यादीत नाव आहे आणि शेतकऱ्याला पत्ताच नाही, असंही मी पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं आपल्या 'अपेडा'च्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सेंद्रिय व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली, ती काही उगाच नाही. पण शिक्का नसलेल्या मालाला एवढीही तपासणी नसते. गेटवरच्या भाजीवाल्याची वही कोण बघतो?

पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे सेंद्रिय अन्नासाठीचं सरकारी चिन्ह बघा. त्यासोबत 'इंडिया ऑरगॅनिक' किंवा पीजीएस यांपैकी एक हवं. 'इंडिया ऑरगॅनिक' म्हणजे निरीक्षकाकडून झालेलं प्रमाणन, आणि पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची घेतलेली हमी. 'पीजीएस ग्रीन' असेल तर ते शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे. सुटा माल असेल तर दुकानदाराला प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि दोनच गोष्टी वाचा : मुदत आणि पिकांच्या यादीत तुमचं पीक. यादीत फक्त हळद आणि हा विकतोय डाळ, असं निघतं कधी कधी.

तुमच्या यजमानांचा मुद्दाही बराचसा बरोबर. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जीवनसत्त्वांत मोठा फरक दिसला नाही, पण सेंद्रिय मालात कीडनाशकांचे अंश कमी आढळले. २०१४ मध्ये ३४३ अभ्यासांच्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. कॅन्सरचं म्हणाल, तर २०१८ च्या फ्रान्समधल्या अभ्यासात सेंद्रिय जास्त खाणाऱ्यांत प्रमाण कमी होतं, आणि त्याआधी ब्रिटनमधल्या सहा लाखांहून जास्त बायकांच्या अभ्यासात एकूण फरक दिसला नव्हता. त्यातून सेंद्रिय खाणारी मंडळी व्यायामही करतात, सिगारेटही कमी ओढतात, त्याचा हिशोब संशोधकांनी कितीही मांडला तरी पूर्ण वेगळा निघत नाही. औषध म्हणून कुणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

माझ्या घरी विचाराल तर तूरडाळीला मी दीडपट देत नाही. साल गेलेलं असतं, धुऊन शिजवून खातो. ते पैसे मी मेथी, कोथिंबीर आणि द्राक्षांवर घालते. ती सालासकट, पाल्यासकट पोटात जातात, आणि आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच भिनलेलं असल्यामुळे मिठाच्या पाण्यात बुडवून ते जात नाही. नातवंडं येणार असली की आधी द्राक्षं.

प्रश्न : काळपट गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ ना? पिशवीवर 'केमिकल-फ्री' लिहिलंय.
*— एक वाचक, पुणे*

उत्तर : ते लिहिलेलं खरं असेल तरी फक्त काहिलीपुरतं, म्हणजे रस उकळायच्या कढईपुरतं खरं आहे. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढायला भेंडीचा चीक घालतात, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉसची पावडर टाकतात. पावडर टाकली नाही, की झाला 'केमिकल-फ्री'. उसाला युरिया किती पडला, तणनाशक मारलं का, याबद्दल ती पिशवी चकार शब्द काढत नाही. रंगावरही जाऊ नका. खारवट जमिनीतला ऊस असेल किंवा पाक जरा जास्त करपला तरी गूळ काळाच होतो. हायड्रॉस नको म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या, मीही घेते. पण सेंद्रिय म्हणून जादा पैसे मोजायचे असतील तर चिन्ह शोधा.

प्रश्न : मी खटाव तालुक्यात दोन एकर करतो. रासायनिक कधीच सोडलं. पुण्यातली काही घरं माझ्याकडून थेट ज्वारी, घेवडा नेतात. प्रमाणपत्र परवडत नाही. पिशवीवर 'सेंद्रिय' लिहिलं तर गुन्हा का?
*— एक शेतकरी वाचक*

उत्तर : दादा, घाबरू नका. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकानं थेट खाणाऱ्याला विकलं, तर प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय म्हणता येतं. फक्त 'जैविक भारत'चं चिन्ह छापायचं नाही. माल दुकानात ठेवायचा झाला की मात्र प्रमाणन हवं. तेव्हा निरीक्षकाच्या फीच्या मागे न लागता पीजीएस बघा. गावातले किंवा शेजारगावचे किमान पाच शेतकरी जमवा, गट नोंदवा, एकमेकांची शेतं तपासा आणि वही ठेवा. वही आजपासूनच सुरू करा : कोणत्या तारखेला कुठल्या तुकड्यात काय घातलं, बियाणं कुठलं, किती पोती निघाली, कुणाला गेली. आणि घेवड्याच्या शेजारी कुणाचं शेत आहे, तो काय फवारतो, तेही लिहा. तोवर पिशवीवर गावाचं नाव आणि काढणीचा महिना घाला, आणि पुण्याच्या घरांना एकदा सुगीत बोलावून घ्या.