दारफळणीच्या आधी शेजारच्या आजी माफी मागायला आल्या, तेव्हा काय म्हणायचं?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त पाळकांची उत्तरं

प्रश्न : आम्ही अलिबागजवळ राहतो. शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या, आजी एकट्याच असतात, मुलं इस्राएलला स्थायिक झाली. गेल्या वर्षी दारफळणीच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या उपासाच्या, आधी त्या आमच्या ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "वर्षभरात माझ्याकडून काही लागेलसं बोललं गेलं असेल तर माफ कर गं." मी गडबडले. "अहो, काहीच नाही," एवढंच म्हटलं. आमच्या चर्चच्या मंडळीत हे सांगितलं तर दोन तट पडले. तरुण संघ म्हणतो, यंदा आपणही शोफार (यहुद्यांचं मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) फुंकून हा दिवस पाळू. मंडळीचे एक वडील म्हणाले, ख्रिस्ताने एकदाच प्रायश्चित्त केलं, आता त्यांचा तो उपास व्यर्थ. यात खरं कोणाचं?
– एक भगिनी, अलिबाग तालुका

उत्तर : ताई, दोघांचंही पूर्ण खरं नाही. पण आधी आजींबद्दल बोलू.

त्या उगाच रीत म्हणून आल्या नव्हत्या. यहुदी पंचांगातला एलूल महिनाभर पहाटे उठून क्षमायाचनेच्या प्रार्थना करायच्या, त्यांना सलीहोत म्हणतात. कोकणातली जुनी बेने इस्राएल माणसं या महिन्याला चक्क रमजान म्हणत. मग पुढच्या तिश्री महिन्याच्या 1 तारखेला नव्याचा सण, आणि 10 तारखेला योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे तुमच्याकडची दारफळणी. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणी नाही. पांढरे कपडे घालायचे, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कोणाशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण : दानधर्म आणि भेटीगाठी. दार लागण्याच्या आधी ज्यांच्याशी बोलून घ्यायला हवं, त्यांत आजींनी तुम्हाला धरलं. मी तुमच्या जागी असतो तर याचा मला अभिमान वाटला असता.

यामागे एक कडक नियम आहे. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथात, योमा नावाच्या भागात, तो सांगितला आहे : माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पुरच्या दिवशी होतं, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापाचं होत नाही, जोवर त्या शेजाऱ्याची समजूत घातलेली नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहुदी धर्मपंडिताने तर हे अगदी व्यवहारात उतरवून ठेवलं. ज्याला दुखावलं तो ऐकत नसेल तर तीन माणसं बरोबर घेऊन जा. तरी ऐकला नाही तर दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. त्यानंतरही तो आडमुठेपणा करत असेल तर सोडून दे, आता पाप त्याच्या माथी. आणि ज्याचा अपराध केला तो वारला असेल तर? दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि तिथे मोठ्याने कबूल कर. नुसतं "मनातल्या मनात माफी मागितली" इथे चालत नाही.

आता बायबलमधलं मत्तय 5:23-24 उघडा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून त्यातला जाच जाणवत नाही. प्रभू येशू बोलत होता गालीलात, आणि वेदी होती यरुशलेमेत. कोकरू वेदीपाशी सोडून गावी परत जायचं म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट, आणि तेवढीच पुन्हा उलटी. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असणार! मिश्ना लिहिली गेली नंतर, पण विचार त्याच मातीतला आहे. आधी माणूस, मग वेदी.

म्हणून मंडळीच्या त्या वडिलांना सांगा, सिद्धांत बरोबर आहे. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय हेच सांगतो, मी आयुष्यभर तो शिकवला आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण त्यातून "व्यर्थ" कसं निघतं? इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं तेव्हा यहुद्यांपुढेही प्रश्न होता : लेवीय 16 मधले प्रायश्चित्ताचे दोन बकरेच गेले, आता प्रायश्चित्त कशाने? योहानान बेन जक्कई या गुरूने उत्तर दिलं ते होशेय 6:6 मधून : यज्ञ नको, दया पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू नेमकं हेच वचन दोनदा काढतो, एकदा नवव्या अध्यायात, एकदा बाराव्यात. ज्या उपासाच्या मुळाशी हे वचन आहे त्याला व्यर्थ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

उलट धोका आपल्याकडे जास्त आहे. एका मंडळीत मी दोन सख्खे भाऊ पाहिले. जमिनीच्या वाटणीवरून कित्येक वर्षं अबोला. प्रभुभोजनाला मात्र एकाच कठड्यापाशी गुडघे टेकायचे, पापकबुलीची प्रार्थना दोघांना तोंडपाठ. थोरल्याला मी एकदा छेडलं तर म्हणाला, "साहेब, ख्रिस्ताने सगळं फेडलंय." देवाचं फेडलं असेल, धाकट्याची बांधावरची आंब्याची कलमं कोणी फेडायची? वधस्तंभ ही शेजाऱ्याला दाखवायची पावती नव्हे.

तरुण संघाला माझं उत्तर सरळ : शोफार नको. कोणाच्या तरी घरची शतकानुशतकांची उपासना उचलून आपल्या स्टेजवर आणायची, तीही माइक लावून, हे पाहुण्याचं वागणं नाही. पण "नको" म्हणतानाही सांभाळून. इ. स. 386-387 मध्ये अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मगुरूने नेमक्या याच मोसमात प्रवचनं केली, कारण तिथले ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या सणांना आणि उपासाला जात होते. त्याने यहुद्यांना इतकं हीन लेखलं की ती भाषा पुढे शतकानुशतकं त्यांच्या छळासाठी वापरली गेली. आपला नकार तसला नसावा. संघाला काही करायचंच असेल तर योनाचं पुस्तक वाचा. चारच अध्याय, पाव तासाचं काम. दारफळणीच्या दुपारी सभास्थानात तेच वाचतात. निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसलं, उपास केला, पण 3:10 म्हणतं, देवाने त्यांची कृत्यं पाहिली. गोणपाट पाहिलं असं म्हणत नाही. हा बारकावाही जुन्या रब्बींनीच टिपलेला. मग पुढच्या प्रभुभोजनाच्या आत प्रत्येकाने एका घरी जाऊन यावं. कोणतं घर, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

आपली मंडळी हे फार उशिरा शिकली. सर्व यहुद्यांना प्रभूच्या मृत्यूचा दोष देता येणार नाही, असं रोमन कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते 1965 मध्ये. 26 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि क्षमा मागणारी चिठ्ठी दगडांच्या फटीत ठेवली. चिठ्ठी देवाला उद्देशून होती, पण ती ठेवायला थकलेला म्हातारा माणूस त्यांच्या दाराशी गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आजींना काय म्हणायचं? "काहीच नाही" म्हणू नका. ते ऐकायला त्या आल्या नव्हत्या. म्हणा, "माफ केलं, आजी. आणि माझं काही चुकलं असेल तर तुम्हीही मला माफ करा." खरोखर काही लागलेलं असेल तर तेही बोला. त्या दिवशी दार वाजवू नका, डबा पाठवू नका. शिळ्या सणाला मात्र जरूर जा. (धर्मप्रचाराच्या पत्रिका बरोबर नेऊ नका, ही विनंती समजा.)

प्रश्न : नव्या करारात या उपासाचा उल्लेख आहे का?
– एक वाचक, पेण

उत्तर : आहे, आणि तोही जहाजावर. प्रेषितांची कृत्ये 27:9. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते, जहाज क्रेतात 'सुंदर बंदरे' नावाच्या ठिकाणी अडकलं होतं. लूक लिहितो, उपासाचा दिवस होऊन गेला होता आणि पुढचा प्रवास धोक्याचा झाला होता. तो उपास हाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो येतो, आणि त्यानंतर भूमध्य समुद्रात गलबतं हाकारणं जिवावरचं काम. पौलाने थांबायला सांगितलं, शताधिपतीने तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकलं, आणि जहाज माल्टाला फुटलं.